आयव्हर टुलकची काडतुसं

आयव्हर टुलकला एका जागी बसवत नसे. हा त्याचा जन्माचा आजार. चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि प्रवचन रंगात आलं की बाहेर जाऊन गाडीचे टायर बघून यायचा. जेवताना दोन घासांच्या मध्ये उठून कधी खिडकी लावायचा, कधी कुत्रीला उगाचच दटावून यायचा. स्वतःच्या लग्नात फोटो काढतानाही तो हलला. नोलीन तो फोटो पाहुण्यांना दाखवते आणि म्हणते, "हा उजवीकडचा धुरकट आहे ना, तो माझा नवरा."

धंदाही त्याला शोभेसा मिळाला. साउथलंडच्या दलदलीत चर खणायचे, नळ टाकायचे, पाणी ओढ्यात सोडून द्यायचं आणि कोरडी झालेली जमीन गायींच्या हवाली करायची. बाप हेच काम फावड्यानं करत असे, आयव्हरनं यंत्र घेतलं. त्यानं इतकी दलदल सुकवली की आमच्या भागात कुठल्याही कुरणात उभे राहा, पायाखाली त्याचे नळ असण्याचीच शक्यता जास्त. आणि वर्षभर पाण्याचा असा नायनाट करून झाला की मे महिन्यात हाच गृहस्थ पाऊस पडावा म्हणून आकाशाकडे डोळे लावायचा, कारण आमच्याकडे हिवाळ्याच्या तोंडाशी, मेच्या पहिल्या शनिवारी, बदकांच्या शिकारीचा मोसम उघडतो आणि बदकांना पाणी लागतं. देवानं याचं नेमकं कोणतं मागणं ऐकायचं, असा प्रश्न पाद्रीबुवांनी त्याला एकदा जाहीरपणे विचारला होता.

डेस फाहीच्या तळ्याकाठी त्यांचा मायमाय होता. मायमाय म्हणजे बदकं टिपायला दबा धरून बसायची खोपटी, काही मोठं प्रकरण नाही. जुन्या फळ्या, पत्रा आणि बदकांना वरून दिसू नये म्हणून अंगावर पांघरलेलं गवत. आत एक बाक. बाकावर तिघं: एका टोकाला तळ्याचा मालक डेस, दुसऱ्या टोकाला मांस-कारखान्यातून निवृत्त झालेला वॉटी गेमेल आणि मध्ये आयव्हर. त्या थंडगार फळीवर दोन मित्रांच्या खांद्यांमध्ये अडकून बसला की याचे पाय थांबायचे. इतर कुठेही न थांबणारे पाय! हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, नोलीनलाही नाही. पण त्या एका सकाळच्या जोरावर तो वर्ष काढत असे, हे खरं.

मायमायमध्ये कामं वाटलेली होती. तळं डेसचं, चहा आणि चीज रोल वॉटीचे, काडतुसं आयव्हरची. काडतुसं एकानं आणायची आणि सगळ्यांनी तीच झाडायची, म्हणजे पडलेल्या बदकावरून माझं-तुझं होत नाही. ईस्टरच्या सुमाराला डेसचा फोन यायचा.

"आयव्हर, काडतुसांचं बघतोस ना?"

"बघतो."

एवढं बोलणं झालं की दोघंही समाधानानं फोन ठेवायचे. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. यंदा ईस्टर आला, गेला, आणि फोन काही आला नाही.

आयव्हर घरात येरझारा घालू लागला. फोन भिंतीवर होता, आणि त्याच भिंतीपाशी याची सगळी कामं निघायला लागली. मोळा ठोक, पंखा पूस, घड्याळ नीट कर.

"अरे, तूच कर की त्याला फोन," नोलीन म्हणाली.

"मी कशाला करू? करायचा तो करतो."

"मग नाही करत तो. बस खाली."

"त्याच्या गायींचं काहीतरी झालं असेल."

"गायींना काही झालेलं नाही. काल दुकानात भेटला मला. चांगला धडधाकट होता, तुझी चौकशी केली नाही." मग तिला स्वतःच्याच बोलण्याचं वाईट वाटलं. "म्हणजे, घाईत होता," ती म्हणाली.

आयव्हर उठून अंगणात गेला आणि एकदा फोडून झालेली लाकडं पुन्हा फोडायला लागला. फोन का येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ठाऊक असलेल्या गोष्टीपासून पळायला अंगण फार लहान पडतं.

गोष्ट अशी होती. फार पूर्वी सगळे शिशाचे छर्रे वापरायचे. मग सरकारनं पाण्याजवळ बाराच्या, म्हणजे रुंद नळीच्या, बंदुकीत शिसं बंद केलं, कारण चिखलात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषानं झुरून मरतात. त्याऐवजी पोलादी छर्रे वापरा, म्हणाले. पण बंदी फक्त बाराच्या बंदुकीला होती. तिच्याहून बारीक नळीच्या, वीसच्या बंदुकीला शिसं चालत होतं. ही पळवाट आमच्याकडे पुष्कळांना दिसली; आयव्हरनं तर तिचा राजमार्ग केला. "बाराची विका, वीसची घ्या, आणि आपलं शिसं सुखानं झाडा," असं त्यानं डेसला आणि वॉटीला पटवलं. डेसनं बंदूक बदलली, त्याला काही वाटलं नाही. वॉटीची बाराची मात्र त्याच्या बापाची होती. दस्त्यावर बापाचा गाल टेकून टेकून लाकूड काळं पडलं होतं. वॉटी आठवडाभर कुढला आणि मग आयव्हरच्या शब्दाखातर त्यानं ती गोर गावातल्या एका माणसाला विकून टाकली.

पुढे सरकारनं ती पळवाटही बंद केली. तळघरात साठवलेलं शिसं आयव्हरनं सोडून दिलं, कारण पकडला गेला तर परवाना जाईल ही भीती होती. पोलादी काडतुसं घ्यायला तो दुकानात गेला. दुकानदार काहीतरी सांगू पाहत होता, पण आयव्हरचा एक पाय दाराबाहेर. "पाच नंबर दे," तो म्हणाला. "पाच नंबर सगळ्याला चालतो." जन्मभर त्यानं पाच नंबरच वापरला होता. छर्ऱ्यांचा हिशेब उलटा असतो, आकडा लहान तितका छर्रा मोठा. पाच म्हणजे मध्यम, बारीककडे झुकणारा. शिशात तो खरंच सगळ्याला चालायचा.

आणि मग गेल्या वर्षीचा पहिला शनिवार.

गोळी लागलेली दिसत होती. पिसं उडत होती. बदक हवेत ठेचकाळल्यासारखं व्हायचं आणि तसंच उडत कुंपणापलीकडे निघून जायचं. एक, मग दुसरं, मग मोजायची लाज वाटेपर्यंत. आयव्हरची काळी कुत्री स्पड सकाळभर पाणकणसात धुंडाळत राहिली आणि बहुतेक वेळा रिकाम्या तोंडानं परत आली. आणि आयव्हर काय करत होता? तो बाकावरून दोघांना शिकवत होता.

"बदकाच्या मागे मारतोयस, वॉटी. पुढे धर. अजून पुढे."

वॉटी बापाच्या मांडीवर बसून बंदूक धरायला शिकलेला. फक्त त्याचा जबडा हलला.

दुपारी पॅरीची जोडी आली. पॅरी म्हणजे आमच्याकडचं मोठं बदक, जवळजवळ हंसाएवढं. नराचं डोकं काळं, मादीचं पांढरं, आणि जोडी सुटता सुटत नाही. आयव्हरनं नरावर गोळी झाडली. लांबून, फार लांबून, पण शिशाच्या दिवसांत त्यानं तेवढ्यावरून पाडलेले होते. नराचा एक पाय लटकला. तो तिरपा होत डेसच्या कुरणापलीकडच्या झाडीत उतरला. शोधून सापडला नाही. मादी संध्याकाळपर्यंत त्या झाडीवर चकरा मारत राहिली, आणि तिचं ते चिरकं ओरडणं मायमायमध्ये तिघांनाही ऐकू येत होतं. वॉटीनं चीज रोल तसेच गुंडाळून परत नेले.

तर फोन यामुळे येत नव्हता.

एका सकाळी आयव्हर तडक इन्व्हरकार्गिल शहरात गेला आणि वेगवेगळ्या नंबरांच्या काडतुसांची खोकी घेऊन आला. पाच, चार, तीन, दोन. मग घरभर मोठा कागद शोधत फिरला. नोलीनच्या कपाटात भिंतीला लावायच्या कागदाच्या गुंडाळ्या होत्या, फिकट निळ्या फुलांच्या. शेजारच्या गावाबाहेर खडी काढून सोडून दिलेला खड्डा होता, तिथे त्यानं त्या गुंडाळ्या नेल्या, दोन खुंटांमध्ये कागद ताणला, त्यावर सुतळीनं मोठा गोल काढला आणि गोलात कोळशानं बदक. बदक कोंबडीसारखं दिसत होतं, पण छर्ऱ्यांना काय त्याचं.

पाच नंबरनं कागदाची चाळण झाली. बदकाच्या पोटात, मानेत, पंखात भोकंच भोकं. आयव्हर खूश झाला आणि लगेच अस्वस्थ झाला. एवढी भोकं पडतात, तर मग बदकं उडून कशी गेली?

तो घरी आला, जुनी वर्तमानपत्रं बादलीत भिजवली, त्यांचे जाड गठ्ठे बांधले आणि परत खड्ड्यावर गेला. तेवढ्याच अंतरावरून गठ्ठ्यावर पाच नंबर झाडला आणि एकेक ओलं पान उलटत बसला. म्हणजे बसला नाही, उकिडवा झाला. छर्रे वरच्या वरच सापडले. काही पानं भेदून दमून थांबलेले. मग तीन नंबर. पानं उलटता उलटता बोटं गारठली तरी छर्रे पुढेच, आत, खोल. दोन नंबर त्याहून खोल, पण कागदावर त्याची भोकं इतकी विरळ की मधून अख्खं बदक सहज निसटावं. पोलाद शिशापेक्षा हलकं. त्याच आकड्याचं पोलाद तेवढ्याच अंतरावर धापा टाकतं. आकडा दोन घरं खाली आणायला हवा होता, आणि हे साऱ्या जगाला ठाऊक होतं, एक पाय दाराबाहेर असलेला माणूस सोडून.

त्यानं नळीच्या तोंडाचा चोकही बदलला. शिशासाठी तोंड घट्ट आवळून ठेवायचा त्याला अभिमान होता. पोलादाला तेच नको होतं, छर्रे घोळक्यानं भलतीकडे जात होते. तोंड अर्धं सैल केलं तेव्हा तीन नंबरची भोकं गोलात सारखी पसरली. आणि अंतर? अंतर मागे घेत घेत तो पस्तीस मीटरवर आला. त्याच्या पलीकडे कुठलाच आकडा भरवशाचा वाटेना. हंसांसाठी तर वीसच्या बंदुकीत काहीच जमेना. एवढा दणकट पक्षी, आणि ही चिमुकली काडतुसं. हंसाला बाराचीच हवी. वॉटीच्या बापाची होती तशी.

हे कळलं तेव्हा आयव्हर त्या खड्ड्यात ओल्या पानांचा लगदा हातात घेऊन उभा राहिला आणि त्याला रडू आलं. ती बदकं वाचली नव्हती. कातडीखाली छर्रे घेऊन ती कुठेतरी चार-आठ दिवस बसून राहिली असतील.

संध्याकाळी नोलीननं कपाट उघडलं.

"आयव्हर! माझा भिंतीचा कागद?"

"थोडा वापरला."

"थोडा? अरे, बैठकीच्या खोलीसाठी आणलेला तो!"

"लावायचा राहिलाच होता ना."

"तू लावणार होतास म्हणून राहिला होता!" मग तिनं टेबलावरचा भोकाभोकांचा तुकडा उचलला आणि दिव्यासमोर धरला. "हे काय, कोंबडी आहे?"

"बदक आहे."

नोलीन त्या भोकांकडे बघत राहिली. नवऱ्याला ती पुरती ओळखून होती. "डेसकडे जा," ती म्हणाली. "उद्याच जा. फोनची वाट बघत बसलास तर घराच्या भिंती खरवडून काढशील."

डेस स्वयंपाकघरात चहा ओतत होता. "ये. बूट काढ," तो म्हणाला. "नाही, राहू दे. तू कुठे बसणार आहेस."

आयव्हरनं वाळून कडक झालेले वर्तमानपत्राचे गठ्ठे टेबलावर ठेवले. एक पाचचा, एक तीनचा. डेसनं पानं उलटून पाहिली. सावकाश. तेवढ्यात आयव्हरनं टेबलाभोवती दोन फेऱ्या घातल्या.

"मागे कुणी मारत नव्हतं," आयव्हर म्हणाला. "वॉटी नाही, तू नाही. छर्रे पोचतच नव्हते. मी चुकीचा आकडा आणला आणि वर तुम्हालाच शिकवत बसलो."

"हं."

"हं काय?"

"गेल्या वर्षी का नाही केलंस हे?"

"मला वाटलं, मला माहीत आहे."

डेसनं कप त्याच्यापुढे सरकवला. "मी तुला करायला दोनदा फोन उचलला होता, आयव्हर. पण आमचा फोन खिडकीपाशी आहे, आणि खिडकीतून ती दिसते."

आयव्हरनं बाहेर पाहिलं. कुरणात पॅरींच्या जोड्या चरत होत्या, काळं डोकं, पांढरं डोकं, काळं, पांढरं. झाडीच्या कडेला एक पांढरं डोकं एकटंच होतं.

"वर्षभर?"

"वर्षभर. बाकीच्या दुसरा नर बघतात, हिनं नाही बघितला. धारा काढताना ओरडणं ऐकू येतं. कधी वाटतं यंदा तळं बंदच ठेवावं. कधी वाटतं, तिलाही कुणीतरी धड मारायला हवं होतं." त्यानं खिडकीकडे पाठ केली. "बंद नाही ठेवत. पण तुला बोलवावं की नाही, हे मला ठरवता येईना."

"मग येऊ का शनिवारी?"

"तळं माझं आहे. बाक तिघांचा आहे. वॉटीला विचार."

"वॉटी माझा फोन घेत नाही."

"कसा घेईल? बापाची बंदूक लोकांच्या भिंतीवर लटकतेय, आणि तू त्याला सांगतोस, मागे मारतोयस." डेसनं आपला चहा ढवळला. "ये तू. पण काडतुसं त्याच्यासाठी आणू नकोस. तो म्हणाला, मी माझी आणीन."

आमच्याकडे माणसं भांडत नाहीत, आपापली काडतुसं आणतात. आयव्हरनं चहा उभ्यानंच संपवला. वॉटीनं शिवी दिली असती तर बरं, असं त्याला वाटलं. शनिवारच्या आदल्या दिवशी त्यानं तळ्यात उतरून पस्तीस मीटरवर कुंपणाचे खांब रोवले आणि त्यांना पांढरा रंग दिला. खांबांच्या पलीकडच्या पक्ष्यावर बंदूक उचलायची नाही, असं त्यानं डेसला सुचवलं, आणि डेस हो म्हणाला. वॉटीला विचारायला कुणी गेलं नाही.

शनिवारी उजाडायच्या आत तिघं मायमायमध्ये होते. वॉटी आधीच येऊन कोपऱ्यात बसला होता आणि त्यानं डेसला आपल्या शेजारी ओढून घेतलं होतं. आयव्हरच्या वाट्याला दाराशेजारचं टोक आलं, वाऱ्याचं. स्पड त्याच्या पायांशी बसली, आणि पाय काही केल्या थांबेनात. फळीवर टक टक टक.

"डेस," वॉटी म्हणाला, "तुझ्या मित्राला सांग, पाय आवर. बदकांना वाटेल सुतार आलाय."

"तो ऐकतोय, वॉटी."

"मी तुझ्याशी बोलतोय."

मग वॉटीनं खिशातून काडतुसं काढली. निळी खोकी. आयव्हरनं ती खोकी लगेच ओळखली. गेल्या वर्षीचीच, त्यानंच आणलेली.

"वॉटी, ती पाच नंबर नको. मी तीन..."

"उरलेली आहेत. माझ्या वाट्याचे पैसे मोजलेत मी, फेकून देऊ?" वॉटी पहिल्यांदाच सरळ त्याच्याकडे वळला. "तूच म्हणाला होतास ना, पाच नंबर सगळ्याला चालतो? मग चालू दे की."

वॉटी कंजूष होता हे खरं, पण ही कंजुषी नव्हती. आयव्हरचीच चूक बंदुकीत भरून तो त्याच बाकावर बसला होता.

फटफटलं. चहूबाजूंच्या तळ्यांवरून बार उडायला लागले. पहिल्यांदा आले ते हंस, मोठी रांग करून, बोलत बोलत, खांबांच्या वरून, आणि तेही बरेच खाली उतरून. डेसची बंदूक वर गेली.

"नको," आयव्हर म्हणाला. "वीसच्या बंदुकीनं हंस नको, डेस."

हंस डोक्यावरून गेले. त्यांच्या पंखांचा वारा ऐकू आला. शेजारच्या तळ्यावर कुणीतरी दोन बार काढले.

"आधी काडतुसांचा ठेका होता," वॉटी अंधाऱ्या कोपऱ्यातून म्हणाला, "आता पक्ष्यांचाही घेतला वाटतं."

मग बदकं आली, चार-पाच, हिरव्या डोक्याचे नर. तळ्याभोवती फिरली. एकदा खांबांच्या आत येता येता वळली, पुन्हा लांब गेली. आत या, आत या, असं आयव्हर मनात म्हणत होता आणि त्याच्या टाचा फळीवर आपटत होत्या. एक नर खांबांच्या बराच पलीकडून आडवा निघाला. वॉटीनं बंदूक खांद्याला लावली आणि बार काढला.

पिसं उडाली. नर हवेत ठेचकाळला, पडला नाही, तिरपा तिरपा होत पलीकडच्या काठाच्या पाणकणसात शिरला. बाकीची बदकं पार निघून गेली. मायमायमध्ये बंदुकीच्या दारूचा वास राहिला.

आयव्हरकडे आता म्हणण्यासारखं वाक्य होतं, आणि ते खरंही होतं: फार लांब होतं, वॉटी. वॉटी त्याचीच वाट बघत खाली मान घालून बसला होता. डेससुद्धा बघत होता.

"पाच नंबर आहे तो," आयव्हर म्हणाला. "माझा आहे." बंदूक रिकामी करून त्यानं ती कोपऱ्यात उभी केली, स्पडला हाक मारली आणि पाण्यात उतरला.

मे महिन्यातलं आमचं पाणी हाडं खातं. मध्यावर खड्डा होता, तिथं छातीपर्यंतच्या रबरी बुटांत पाणी शिरलं. तो पलीकडे पोचला. स्पड पाणकणसात शिरली, बाहेर आली, पुन्हा शिरली, आणि मालकाकडे बघू लागली. आयव्हरनं कणसं हातानं बाजूला करायला सुरुवात केली. एकेक जुडगा. मायमायसमोर माणूस नि कुत्री उभी म्हटल्यावर बदकं कसली येतात. वरून थवे जात होते, त्याला बघून वळत होते. सकाळ वाया चालली होती, दोघांची सकाळ, आणि तो मागे वळून बघत नव्हता. काय झालं तरी हा एक सोडायचा नाही, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शेवटी मुळांच्या बेचक्यात त्याला हिरवं डोकं दिसलं. नर जिवंत होता, चोच पाण्याखाली धरून लपला होता. आयव्हरनं त्याला दोन्ही हातांनी वर काढला, एका झटक्यात मान मोडली आणि पक्षी सुटला. 

परत आला तेव्हा त्याचे दात वाजत होते. त्यानं पक्षी वॉटीच्या मांडीवर ठेवला. "तुझा."

वॉटी जन्मभर मांस-कारखान्यात हाडावरून मांस उतरवत होता. त्याच्या अंगठ्याला कातडीखालचं सगळं समजतं. त्यानं छातीची पिसं उलटी केली आणि अंगठा फिरवला. थांबला. पुन्हा फिरवला.

"इथं आहे," तो डेसला म्हणाला. "आणि इथं एक. कातडीच्या आतच थांबलेत. मांसाला शिवलेसुद्धा नाहीत." मग त्यानं मान वर केली, आणि या खेपेला डेसकडे बघितलं नाही. "म्हणजे गेल्या वर्षी मी मागे मारत नव्हतो."

"नव्हतास," आयव्हर म्हणाला. "एकदाही नव्हतास. पुढे होतास, बरोबर होतास. मी मूर्ख होतो, वॉटी. तुझ्या बापाच्या बंदुकीच्या बाबतीतही."

वॉटीनं नळी खाली झुकवून बंदूक उघडली. उरलेलं पाच नंबरचं काडतूस काढलं, खिशातली बाकीचीही काढली आणि सगळी पायाजवळच्या बादलीत टाकली. बादली खणखणली. मग त्यानं डेसच्या पुढून हात लांब करून आयव्हरसमोर पालथा नव्हे, उताणा धरला.

"आण इकडे."

"काय?"

"काय म्हणजे? काडतुसं. कोण आणतं इथं काडतुसं?"

आयव्हरनं खिशातलं खोकं काढलं. पण त्याची बोटं गारठून लाकूड झाली होती, पुठ्ठ्याची कड काही केल्या उचलेना. तो खाली वाकून खटपट करत होता, नखांनी, मग दातांनी, आणि तेवढ्यात डेस कुजबुजला, "आली."

खरंच आली होती. मोठा थवा, पंख ताणून, पाय सोडून, वळणं न घेता सरळ पांढऱ्या खांबांच्या आत. वर्षातून एखाद्याच वेळी येतात तशी. आयव्हरनं घाबरून वॉटीकडे पाहिलं. त्याची बंदूक मांडीवर उघडलेली, रिकामी, आणि हात तसाच समोर पसरलेला.

"डेसचं घे ना, डेसकडे आहेत," आयव्हर पुटपुटला. "जातील ती!"

"जाऊ दे," वॉटी म्हणाला. "मी थांबलोय. तू सावकाश काढ."